जुन्या रिव्हॉल्व्हरचं वेड – आणि घरात एकही नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या ‘माझा छंद’ या व्याख्यानमालेतील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आधी एक खुलासा करतो, म्हणजे तुम्ही निर्धास्त बसाल. माझ्या घरात रिव्हॉल्व्हर नाही. कधी नव्हतं. नोटीस बोर्डावर माझ्या भाषणाचा विषय लागल्यापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जास्तच अदबीनं बोलायला लागलेत. मेंटेनन्सची थकबाकी वसूल करायला यांनाच पाठवा, अशी सूचनाही एका सभासदानं खासगीत केल्याचं कानावर आलंय. तेव्हा स्पष्ट सांगतो, माझा संग्रह म्हणजे कपाटाचे दोन खण कागद. जुन्या पेटंटच्या नकाशांच्या प्रती, जुन्या कॅटलॉगच्या प्रती, लिलावांची जाडजूड पुस्तकं, एक नोंदवही, आणि सागवानाचं एक मॉडेल, खऱ्याच्या दुप्पट आकाराचं, मी निवृत्तीनंतर घरी बनवलेलं. ते आज आणलंय. त्यातून काहीही उडत नाही.

मागच्या महिन्यात बी-विंगमधल्या वहिनी वारली चित्रांवर बोलल्या, त्याआधी गच्चीवरच्या भाज्यांवर भाषण झालं. त्या रांगेत हा विषय म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत ठेचा वाढल्यासारखा आहे, याची मला कल्पना आहे. पण सचिवांनी ‘जे आवडतं ते सांगा’ म्हटलं, आणि मला हेच आवडतं.

आता हे वेड लागलं कुठून? सिनेमातून नाही. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आमच्याकडे एक जुनं जिग बोरिंग मशीन होतं, प्रॅट अँड व्हिटनीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लोखंडात भोक पाडायला कुणीही पाडतं, पण दोन भोकांमधलं अंतर केसाच्या काही भागाइतकंही चुकू द्यायचं नाही, हे काम त्या मशीनचं. आमचे फोरमन म्हणायचे, “अरे, हे ज्यांनी काढलं ते दोघं पिस्तुलाच्या कारखान्यात शिकलेत.” आम्हाला वाटायचं, फोरमन लोकांच्या गोष्टी असतात अशा. पुढे वाचलं तर ते अक्षरशः खरं निघालं. फ्रान्सिस प्रॅट आणि अमोस व्हिटनी हे दोघंही अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी कोल्टच्या रिव्हॉल्व्हर कारखान्यात कामाला होते. तिथून बाहेर पडून 1860 मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं. ज्यांच्या नावाची विमानाची इंजिनं आज आकाशात उडतात, तेच हे नाव.

म्हणजे मी ज्या मशीनवर पोट भरलं, त्याचं आजोळ रिव्हॉल्व्हरचं. तिथून मी खोदत गेलो.

कोल्टची गोष्ट तर आपल्या देशाला शिवून जाते. सॅम्युअल कोल्ट सोळा वर्षांचा असताना, 1830 मध्ये, ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि ते जहाज आलं कलकत्त्याला. त्या प्रवासात जहाजाचं चाक फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना बघून त्याला कल्पना सुचली आणि त्यानं लाकडात नमुना कोरला, असं तो पुढे सांगायचा. त्याचे म्हणून ओळखले जाणारे लाकडी भाग हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ एथेनियम संग्रहालयात आहेत. चाकाची गोष्ट खरी किती आणि जाहिरातीची किती, हा वादाचा मुद्दा आहे. कोल्ट हा माणूस जाहिरातीत पक्का होता. फिरत्या नळकांड्याची बंदूकही त्याच्या आधी होती. एलिशा कॉलियर नावाच्या अमेरिकन माणसानं 1818 मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती चकमकीवर चालायची आणि तिचं नळकांडं साधारणपणे हातानं फिरवावं लागायचं. कोल्टनं काय केलं, तर घोडा मागे ओढला की त्याच ओढीत नळकांडं फिरेल आणि बरोबर जागेवर अडकेल, अशी जोडणी केली. अमेरिकेतलं पेटंट 25 फेब्रुवारी 1836 चं.

आणि मग धंदा बुडाला! न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा त्याचा पहिला कारखाना 1842 मध्ये बंद पडला. माल महाग, सरकार घेईना. नशीब उघडलं ते मेक्सिकोच्या युद्धात. सॅम्युअल वॉकर नावाच्या कॅप्टननं एक हजार नगांची मागणी आणली, पण कोल्टकडे तोवर कारखानाच उरला नव्हता. दुसऱ्याच्या कारखान्यात, व्हिटनीव्हिलला, 1847 मध्ये माल काढला. सगळे मिळून अकराशेच्या आसपास बनले. एकेक नग दोन किलोंचा. दोन किलो बटाट्याची पिशवी एका हातात समोर धरून बघा, म्हणजे कळेल. आज त्यातलं चांगल्या अवस्थेतलं एखादं विकायला आलं की संग्राहक घर गहाण ठेवायला तयार होतात. 2018 मध्ये पेटीसकट एक वॉकर कोल्ट लिलावात गेलं, 18 लाख 40 हजार डॉलरला.

आकड्यांनी डोळे मोठे झाले, पण माझा जीव आकड्यात नाही. माझा जीव आहे त्या अडकण्यात. हे मॉडेल बघा. घोडा मी हळू ओढतो. आत एक छोटं बोट आहे, ते वर सरकतं आणि नळकांड्याच्या पाठीमागच्या दातेरी चकतीला ढकलतं. सायकलच्या मागच्या चाकात टकटक करणारं फ्रीव्हील आठवा, तीच जात. नळकांडं सहा खणांचं, म्हणजे एका ओढीत ते बरोबर साठ अंश फिरायला हवं. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही. आणि तेवढ्यात खालून एक खुंटी उसळून खाचेत बसते. आता समोरचा खण आणि नळी एका रेषेत आले. ते रेषेत आले नाहीत तर शिशाची गोळी नळीच्या कडेवर तासली जाते आणि तिचे कपचे चालवणाऱ्याच्याच बोटांवर येतात. बोट, चकती, खुंटी, खाच. चारच गोष्टी. आणि हे सगळं एका स्प्रिंगच्या ओढीत, अंगठ्याच्या एका हालचालीत. असं यंत्र, ज्याचं सगळं काम डोळ्यांना दिसतं आणि बोटांना कळतं, आता कुठे राहिलंय? माझ्या नातवाचा मोबाइल मी उघडून बघितला तर मला काय दिसणार आहे?

1873 च्या कोल्टला, ज्याला लोक पीसमेकर म्हणतात, घोडा ओढताना चार टक ऐकू येतात. संग्राहक गमतीनं म्हणतात की ते स्वतःचं नाव उच्चारतं, सी, ओ, एल, टी. खरं तर पहिला टक सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या घोड्याचा, तिसरा खालच्या खुंटीचा, चौथा पूर्ण घोड्याचा. पण त्या पहिल्या खाचेवर जुन्या लोकांचा विश्वास नव्हता. म्हणून ते सहा खणांत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचा खण रिकामा ठेवत. सिनेमातला हिरो सहाच्या सहा भरतो, शिवाय सोळा वेळा झाडतो, तो भाग वेगळा.

हे चार टक मी प्रत्यक्ष ऐकले ते हार्टफर्डलाच. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव, आणि आपली बरीच मुलं तिथे त्यांच्या कॉम्प्युटरच्या कामावर आहेत. माझी मुलगीही होती. सौ. नातवाच्या बाळंतविड्यात रमली होती आणि मी रोज दुपारी बसनं भटकत होतो. कोल्टच्या जुन्या कारखान्याच्या माथ्यावर कांद्यासारखा निळा घुमट आहे, त्यावर सोनेरी चांदण्या आणि टोकाला उधळलेलं शिंगरू, कारण कोल्ट म्हणजे शिंगरू. राज्याच्या संग्रहालयात कारखान्यानं सांभाळलेली रिव्हॉल्व्हर्स रांगेनं लावलेली आहेत. अर्ध्या-पाऊण तासावर स्प्रिंगफील्ड, तिथे स्मिथ अँड वेसन आणि सरकारी शस्त्रागाराचं संग्रहालय. एका नदीच्या काठानं हा सगळा गोतावळा. शिवणयंत्रं आणि सायकलीही त्याच हार्टफर्डात, त्याच हत्यारांवर हात बसलेल्या कारागिरांनी काढल्या.

तर तिथे एका हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन होतं. लेक म्हणाली, “बाबा, जाऊ नका, उगाच कशाला.” जावई घेऊन गेले. टेबलांच्या रांगा, गर्दी, आणि एका कोपऱ्यात एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांच्या टेबलावर फक्त तीन नग, आणि पाटी : विक्रीसाठी नाहीत. मी हातानं बोट, चकती, खुंटी अशा खुणा केल्या. त्यांनी माझ्या तळव्यांवरचे घट्टे बघितले आणि विचारलं, “मशिनिस्ट?” बस्स, आमचं गोत्र जुळलं. ते स्वतः चाळीस वर्षं मिलिंग मशीनवर होते.

त्यांनी कोल्ट उचललं, आधी स्वतः प्रत्येक खण उघडून रिकामा असल्याचं मला दाखवलं, कापडावर ठेवून माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी घोडा ओढला. चार टक. मग त्यांनी माझा अंगठा धरून घोडा हळूच खाली आणला, कारण रिकाम्या खणावर घोडा आपटू देणं म्हणजे त्या मंडळींत महापाप.

त्यांनी मला संग्रहाचे नियम शिकवले. पहिला नियम ऐकून आपल्याकडच्या गृहिणींना घेरी येईल. घासायचं नाही! आपण तांब्याचा गडू पितांबरीनं लखलखीत केला की समाधान पावतो. इथे उलट. दीडशे वर्षांत निळ्या झिलईचा जो तपकिरी-जांभळा रंग झाला असेल, तोच त्याचा जन्माचा दाखला. कुणी हौसेनं पॉलिश करून नवी झिलई चढवली की किंमत कोसळते. सांगाड्यावर जे मोरपिसासारखे डाग दिसतात, तेही रंगवलेले नसतात. लोखंडी भाग हाडांच्या कोळशात पुरून तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे, म्हणजे पृष्ठभाग कडक होतो आणि ते रंग उमटतात. ते पुन्हा तसेच कुणी आणू म्हटलं तरी जाणकाराला फरक कळतो. दुसरा नियम, सगळ्या भागांवरचे नंबर जुळले पाहिजेत. नळकांडं एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा, हे चालत नाही. आणि तिसरा, कागद. प्रत्येक रिव्हॉल्व्हरवर नंबर असतो, आणि कोल्टच्या कारखान्याच्या वह्या बऱ्याच प्रमाणात टिकल्यात. नंबर कळवला, फी भरली की पत्र येतं, हा नग अमुक तारखेला अमुक व्यापाऱ्याकडे रवाना झाला, झिलई अशी, मूठ अशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या आपल्या फ्लॅटची फाइल शोधताना आपली काय दशा होते, ते आठवा.

त्यांच्या प्रत्येक नगाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती, बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, “माझ्या मुलांना यातलं काही नको आहे. मी गेल्यावर हे लिलावात जाईल. चिठ्ठी सुटली की हे नुसतं लोखंड.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दुसऱ्या टेबलाकडे वळताना त्यांनी त्या चिठ्ठीची गाठ पुन्हा आवळलेली मी पाहिली.

नंबरावरून आठवलं. ही गोष्ट रिव्हॉल्व्हरची नाही, पिस्तुलाची आहे. पिस्तुलात काडतुसं मुठीत असतात, फिरतं नळकांडं नसतं. पण गोष्ट आपली आहे म्हणून सांगतो. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात साँडर्सवर झाडलेलं भगतसिंगांचं पिस्तूल, कोल्टचंच, .32 चं, पुढे कित्येक दशकं विस्मृतीत गेलं होतं. ते होतं इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात, बाकीच्या शस्त्रांबरोबर. गंजू नये म्हणून सगळ्यांवर काळा रंग मारलेला. काही वर्षांपूर्वी, जुन्या कागदांवरून शोध घेत घेत, तो रंग खरवडला आणि नंबर निघाला 168896. खटल्याच्या कागदांतला तोच नंबर. आता ते पिस्तूल पंजाबात हुसैनीवालाला आहे. एक काळा ठोकळा आणि भगतसिंगांचं पिस्तूल यांच्यामध्ये सहा आकडे होते फक्त. माझी ती नोंदवही आहे ना, तिच्या पहिल्या पानावर हा नंबर आहे.

आता थोडं उलट्या बाजूचं. तालमीच्या वेळी माझी नात समोर बसली होती. आठवीत आहे. ती म्हणाली, “आजोबा, पण हे माणसं मारायचं यंत्र आहे ना? मग त्याचं कौतुक कसं?” मी तिला पटकन उत्तर देऊ शकलो नाही, आणि तुम्हालाही गुळगुळीत उत्तर देणार नाही. तलवारी आपण भिंतीवर लावतो, दांडपट्ट्याची प्रात्यक्षिकं शिवजयंतीला बघतो, पण तलवारीनं आज कुणी बँक लुटत नाही. रिव्हॉल्व्हर दीडशे वर्षांचं झालं तरी म्हातारं होत नाही, ही त्याची पंचाईत आहे. ब्रिटनचंच बघा. 1996 मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा लहान मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. त्यानंतर तिथे हातातल्या बंदुकांवर जवळजवळ सरसकट बंदी आली. संग्राहकांसाठी 1919 च्या आधीच्या काही नगांना कडक अटींवर सवलत ठेवली. ज्यांची काडतुसं आता बनत नाहीत अशी फार जुनी रिव्हॉल्व्हर्स परवान्याशिवायही शोभेची वस्तू म्हणून ठेवता येत होती. तर गुन्हेगारांनी तीच शोधून, काडतुसं घडवून वापरायला सुरुवात केली. शेवटी 2021 मध्ये सरकारनं सात जातींची काडतुसं त्या ‘कालबाह्य’ यादीतून काढून टाकली. म्हणजे आजोबांचं म्हणून कपाटात ठेवलेलं शस्त्र पुन्हा परवान्याखाली आलं. माझ्या मते बरोबर केलं. अमेरिकेत उलट, तिथे 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्यानं ‘प्राचीन’, बंदुकीत धरतच नाहीत. त्यामुळे एकाच साच्यातली दोन कोल्ट, एक डिसेंबर 98 चं, एक जानेवारी 99 चं, कायद्याच्या लेखी वेगळ्या जातीची. नंबरच्या वहीवरून ते ठरतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. बिली द किड नावाच्या गुंडाला 1881 मध्ये पॅट गॅरेट या शेरिफनं ज्या कोल्टनं मारलं, ते 2021 मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. तशाच बनावटीचं, त्याच सुमाराचं दुसरं कोल्ट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. फरक कशाचा? एका माणसाच्या मरणाचा. हे मला आवडत नाही. पण भगतसिंगांच्या पिस्तुलापुढे मी स्वतः हात जोडीन, तेही त्यानं काय केलं म्हणूनच ना? नातीला मी एवढंच म्हणालो की तू विचारलंस ते बरोबर आहे, विचारत राहा. ती म्हणाली, “म्हणजे उत्तर नाहीये.” मी म्हटलं, नाहीये.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही याचं एक कारण सरळ आहे. लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला, त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला मोकळीक. आपल्या माणसांच्या घरात रिव्हॉल्व्हर पोचलं ते सरदार-इनामदारांकडे, पोलिस किंवा लष्करातल्या अधिकाऱ्यांकडे. आजचा कायदा 1959 चा, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोन नगांचा संग्रह होत नाही. मला त्यात काही वाईट वाटत नाही. कागदांना परवाना लागत नाही.

पण एक रिव्हॉल्व्हर माझ्या हाताशी आलं होतं, तेवढं सांगतो.

माझे मामा पोलिसात होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्याकडे परवान्याचं स्वतःचं वेब्ली होतं, .38 चं, बर्मिंगहॅमचं. वेब्लीची तऱ्हा कोल्टहून निराळी. अंगठ्यानं वरची कडी दाबली की नळी खाली वाकते, सबंध रिव्हॉल्व्हर मधून उघडतं, आणि मोदकपात्रातली चाळणी वर उचलावी तशी एक चांदणी वर येऊन सहाच्या सहा टरफलं एकदम बाहेर काढते. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 चं रिव्हॉल्व्हरही याच घराण्यातलं. मामांनी ते नोकरीनंतर कधी झाडलं नाही. दर निवडणुकीला मात्र ते पोलिस ठाण्यात जमा करायला जात, कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. पावती आणून मामीच्या हातात देत आणि ती देवघरात ठेवली जाई. निकाल लागले की परत आणायचं. दर रविवारी उघडून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचं. लहानपणी आम्हा भाचरांना लांबून बघायची परवानगी, हात लावायची नाही.

मामा गेले तेव्हा मामेभाऊ पुण्यात, त्याला त्यात काडीचा रस नव्हता. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं आणि वारसानं हवं तर नव्यानं अर्ज करायचा. मामेभाऊ म्हणाला, “दादा, तुलाच आवड आहे. कागद तुझ्या नावावर करता आले तर बघ.” एका कचेरीत मी सात-आठ खेपा घातल्या. दर वेळी नवा कागद, दर वेळी साहेब रजेवर. तो वैताग सोडा. खरा प्रश्न घरातच निघाला. सौ. म्हणाली, “घरात नातवंडं येतात-जातात. तुम्ही कुलूप लावाल, किल्ली लपवाल, पण मला झोप लागणार नाही.” मी दोन दिवस गप्प होतो. मग मामीकडे गेलो. त्या म्हणाल्या, “ह्यांनी ते सांभाळलं ते सरकारची जबाबदारी म्हणून. तू हौसेपोटी नेणार. दोन्हींत फरक आहे रे. देऊन टाक.”

दिलं. देण्याआधी मी मामेभावाला विचारून, मामीसमोर, भिंगातून बघून त्याचा नंबर वहीत उतरवून घेतला. कुठे जमा केलं ती तारीख, मामांच्या हुद्द्याची नोंद, आणि कोथिंबिरीची जुडीही लिहिली. त्या अमेरिकन गृहस्थांना भेटलो ते त्यानंतर चार वर्षांनी, पण त्यांची दोऱ्याची चिठ्ठी बघितली तेव्हा मला त्यांची भाषा शिकावी लागली नाही.

आता जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांची गावाकडे जुनी घरं आहेत आणि ती आता पाडून बांधायला निघालीत. माळ्यावर, भिंतीच्या कोनाड्यात, धान्याच्या कणगीखाली जुनं शस्त्र सापडतं. कोकणात ठासणीची बंदूक, देशावर एखादं गंजकं रिव्हॉल्व्हर. गाडीच्या डिकीत टाकून इकडे आणू नका. घासू नका, खटका दाबून बघू नका, आत काडतूस असू शकतं. व्हॉट्सअपवर फोटो तर अजिबात नको. कायद्यात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. आणि हे ठरवणारे आपण नाही. मी हाताचा कारागीर आहे म्हणून सांगतो, गंजून मेल्यासारखी दिसणारी यंत्रं पुष्कळदा एका स्प्रिंगनं जिवंत होतात. गावच्या ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, शक्य असल्यास वकील बरोबर ठेवा. आणि नंबर दिसत असेल तर त्यांच्यादेखत लिहून घ्या. आजोबांकडे ते कुठून आलं, हे सांगणारं घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच दिवशी विचारा.

पेटंटचे नकाशे मागच्या भिंतीवर लावलेत. उजवीकडचा रॉलिन व्हाइट या गृहस्थाचा आहे. आरपार भोकाचं नळकांडं, म्हणजे मागून काडतूस भरायची सोय, याचं पेटंट 1855 मध्ये यानं घेतलं. ते स्मिथ अँड वेसनला नगामागे पंचवीस सेंटवर दिलं, पण करारात अशी अट होती की पेटंटसाठी कोर्टात भांडायचं ते व्हाइटनंच, स्वतःच्या खर्चानं. मिळालेले बहुतेक पैसे वकिलांवर गेले. सोसायटीच्या कन्व्हेयन्ससाठी धावपळ करणाऱ्या कमिटी सदस्यांनी त्या नकाशासमोर दोन मिनिटं उभं राहावं, बरं वाटेल.

मॉडेल टेबलावर ठेवतोय. मुलांनी आधी यावं, घोडा ओढून बघायला हरकत नाही, फक्त खाली सोडताना अंगठ्यानं धरा. चहा बाहेर आहे.